माळवदावरची माती

स्वतःच्या घराची डागडुजी स्वतः करण्यात कमीपणा नाही, हे आपण खुत्ब्यांतून नेहमी ऐकतो. प्रेषित मुहम्मद (स.) आपली पादत्राणे स्वतः दुरुस्त करत. मदिनेची मस्जिद उभी राहत असताना इतरांबरोबर त्यांनीही कच्च्या विटा वाहिल्या. पण माहितीशिवाय केलेली डागडुजी कुठवर नेते, याचा इतिहास आपल्या मराठवाड्यात आहे आणि त्याकडे आपण फारसे पाहत नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर-उस्मानाबादचा किल्लारी परिसर हादरला. गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती. साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. भूकंपाची तीव्रता 6.2 होती. एवढ्या तीव्रतेच्या धक्क्यात इतकी माणसे का मेली, याचे उत्तर जमिनीइतकेच घरांच्या बांधणीत आहे.

इथल्या भिंती दोन-दोन, कुठे चार फूट जाड. दिसायला किल्ल्यासारख्या, पण आतून पोकळ नात्याच्या. बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा, मध्ये माती आणि चिपा. दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार दगड नसत किंवा फार थोडे असत. धक्का बसताच दोन्ही थर सुटले आणि दगड झोपलेल्या माणसांवर आले. अनेक घरांत लाकडी खांब उभे राहिले, भिंती मात्र ढासळल्या.

वर माळवद. खांब, तुळया, फळ्या आणि त्यावर माती. पावसाळा जवळ आला की घरचीच माणसे गळती थांबवायला नवी माती टाकत. जुनी माती काढली जात नसे, त्यामुळे थर वाढत जाई. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीवर दीड फूट माती धरली, तरी वजन साडेसहा टनांच्या घरात जाते. म्हणजे ज्या हातांनी घर दरवर्षी जपले, त्यांनीच नकळत छतावरचे ओझे वाढवले. याउलट गरिबांची हलकी छपरे पुष्कळ ठिकाणी तगली.

याला अडाणीपणा म्हणायला मी तयार नाही. ही माती उन्हाळ्यात घर थंड ठेवी आणि पाऊस अडवी. ऊन आणि पाऊस लोकांच्या रोजच्या अनुभवात होते, मोठा भूकंप नव्हता. सरकारच्या नकाशातही तो नव्हता. 1984 च्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. 1992 मध्ये किल्लारीला धक्के बसले, तरी नकाशा तसाच राहिला. पुढे 2002 मध्ये हा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला.

भूकंपानंतर 52 गावे नव्या जागी वसवली गेली. त्यांची चर्चा खूप झाली. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते दुसरे काम: सुमारे 2 लाख घरांची जागच्या जागी दुरुस्ती. यात मदतीची रक्कम घरमालकाला मिळे, अभियंता सल्ला देई आणि काम कुटुंब आणि गावचा गवंडी मिळून करत. माळवदावरची जादा माती उतरवायची, भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे तुकडे बसवायचे, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवायचा, खांब आणि तुळईला तिरके आधार द्यायचे. यातले काहीच गावच्या कारागिराच्या आवाक्याबाहेरचे नव्हते. फक्त ते कोणी सांगितले नव्हते.

सांगण्याचे काम मोठ्या प्रमाणात बायकांनी केले. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ झाल्या. पिढ्यान्‌पिढ्या घर सारवणे, लिंपणे बाईकडे होते, पण भिंत कशी उभारायची हे तिला कोणी विचारले नव्हते. आता ती पट्टा बसला का, माती उतरली का, हे पाहू लागली. 2001 मध्ये कच्छ हादरले तेव्हा लातूर भागातल्या बायका तिथे आपला अनुभव सांगायला गेल्या.

आपल्याकडे संकट आले की ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून विषय मिटवणारे असतात. त्यांना उंटाची ती प्रसिद्ध हदीस आठवून द्यावी. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी आधी उंट बांधायला सांगितले, मग भरवसा ठेवायला. भिंतीतला आरपार दगड म्हणजे मला तो दोर वाटतो.

मराठवाड्यात आजही कितीतरी माळवदे उभी आहेत, त्यांत आपली माणसे राहतात. यंदा पावसाळ्याआधी वर माती टाकायला चढाल, तेव्हा आधी जुना थर किती झाला आहे ते मोजा. जादा असेल तर तो उतरवा आणि मगच नवी माती टाका.