सस्पेन्शनची जुळणी (शर्यतीची मोटार)

शर्यतीच्या मोटारीच्या स्प्रिंगा, त्यांची उसळी शमवणारे डँपर, वळणात गाडीचे झुकणे कमी करणारे अँटी-रोल बार आणि चाकांचे कोन ठरावीक ट्रॅक, टायर व चालक यांच्यासाठी बसवून घेण्याचे काम. घरच्या गाडीत सस्पेन्शन मुख्यतः प्रवाशांना हादरे बसू नयेत म्हणून असते. शर्यतीत चारही टायर रस्त्याला घट्ट टेकून राहावेत, हा मुख्य हेतू.

कामाची सुरुवात सपाट फरशीवर होते. आसनात चालक किंवा त्याच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या ठेवून प्रत्येक चाकाखाली वजनकाटा सारतात. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठा घातला की तो पाय आणि त्याच्या तिरक्या समोरचा पाय भार घेतो. मोटारीतही एका कोपऱ्यातली स्प्रिंग वर घेतली की हेच घडते. दोन्हीकडे वळणाऱ्या ट्रॅकसाठी दोन्ही कर्णांवरचा भार शक्यतो सारखा ठेवतात. अमेरिकेतल्या अंडाकृती ट्रॅकवर सगळी वळणे डावीकडची, म्हणून तिथे तो मुद्दाम असमान ठेवतात.

पुढची खरी साक्ष टायरची. गाडी पिटमध्ये येताच सुईसारख्या टोकाचा तापमापक रबरात टोचून आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशी तीन तापमाने टिपतात. मध्य जास्त तापला असेल तर हवा जास्त. दोन्ही कडा तापल्या असतील तर हवा कमी. आतली कडच फार तापली, तर चाक वरून आत गरजेपेक्षा जास्त कललेले आहे, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर जास्त झाला. थोडा कल मात्र हवाच: वळणात गाडी बाहेर झुकते, तेव्हा त्यामुळेच टायर सपाट बसतो.

स्टिअरिंग वळवूनही नाक वळणाबाहेर जात असेल, म्हणजे अंडरस्टिअर असेल, तर पुढचा अँटी-रोल बार मऊ किंवा मागचा कडक करतात. मागची बाजू निसटत असेल तर उलट. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा, हे या कामातले सर्वांत अवघड पथ्य. दोन बदल एकदम केले की फायदा कशाचा झाला ते कळत नाही. १९७२ ची इंडियानापोलिस ५०० जिंकणारा मार्क डोनोह्यू स्वतः अभियंता होता आणि अशा शिस्तशीर चाचण्यांसाठीच ओळखला गेला.

१९९२ मध्ये फॉर्म्युला वनमधल्या विल्यम्स संघाच्या एफडब्ल्यू१४बी मोटारीत संगणक आणि हायड्रॉलिक्स मिळून गाडीची उंची धावतानाच सांभाळत. तिचा चालक नायजेल मॅन्सेल याने त्या वर्षी १६ पैकी ९ शर्यती जिंकल्या. १९९४ पासून फॉर्म्युला वनमध्ये अशा सक्रिय सस्पेन्शनवर बंदी आली.