डिस्कसच्या टाकीमागची पावणेदोनशे वर्षं

मंडळी, आपल्याकडे फिश टँक म्हटलं की आधी आठवतं ते तारापोरवाला मत्स्यालय. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, आणि मुंबई-ठाण्याच्या शाळांच्या कितीतरी सहली तिथे जाऊन आल्या. काचेला नाक लावायचं, मासे बघायचे, बाहेर येऊन वडापाव खायचा, झालं. ते मासे जगतात कशावर, हे सहसा कुणी विचारत नाही. मत्स्यालयांचा खरा इतिहास मात्र ह्याच प्रश्नाचा आहे.

सुरुवात लंडनला झाली. १८४५ साली ब्रिटनमध्ये काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. पुढे रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनतज्ज्ञाने १२ गॅलनच्या, म्हणजे साधारण ५४ लिटरच्या टाकीत दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. पानं कुजायला लागली तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजकं सगळं फस्त केलं. १८५० साली त्याने हा तोल जगापुढे मांडला: मासा कार्बन डायऑक्साइड सोडतो, वनस्पती ऑक्सिजन देते, गोगलगाय झाडू मारते. तीनच वर्षांत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं.

हिशेब सुंदर, पण अर्धाच! मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, उरलेलं खाद्य कुजून त्यात भर पडते, आणि अमोनिया म्हणजे माशांना विष. त्याचं काय होतं ह्याचा उलगडा व्हायला १८९० उजाडावं लागलं. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्कीने दाखवून दिलं की काही जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे काही त्या नायट्राइटचं नायट्रेट. वॉरिंग्टनच्या टाकीतही हे कामगार होतेच, फक्त हजेरीपटावर त्यांचं नाव नव्हतं.

आता डिस्कसकडे येऊ. ब्राझीलमध्ये नाटररने जमवलेल्या नमुन्यांवरून व्हिएन्नाच्या हेकेलने १८४० साली ह्या माशाला शास्त्रीय नाव दिलं. ताटलीसारखा गोल आणि चपटा, म्हणून डिस्कस. मूळ गाव ॲमेझॉनचं खोरं. रिओ नेग्रोचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, मृदू, आम्लधर्मी आणि कोमट. १९५९ साली हिल्डेमनने ह्या माशाच्या बालसंगोपनावर लेख लिहिला: पिल्लं आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात. मासा असून अंगावर पाजणं म्हणा ना!

ह्या माशाला पाणी २८ ते ३० अंश लागतं आणि खाद्य दिवसातून दोन-तीनदा. खाद्य जास्त म्हणजे अमोनियाही जास्त. त्यात एवढ्या कोमट पाण्यात बऱ्याच नाजूक पाणवनस्पती तग धरत नाहीत. म्हणून पैदास करणारे लोक तळाला वाळूसुद्धा न घालता उघड्या टाकीत डिस्कस ठेवतात आणि पाणी सतत बदलतात. वनस्पती लावलेली शोभेची टाकी आणि डिस्कस हा संसार जमतो, पण पत्रिका नीट जुळवावी लागते.

हे सगळं उगाळायचं कारण म्हणजे वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात असाच टँक यायचाय. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि ही तिची पहिली वसाहत. जिथे यंत्रं धडधडायची तिथे आता कीबोर्ड वाजतात. टँक ४ फूट लांब, दीड फूट रुंद, २ फूट उंच. म्हणजे साधारण ३४० लिटर, नुसत्या पाण्याचंच वजन ३४० किलो. लॉबीत एसी, म्हणून हीटर चांगला हवा. इथवर सगळ्यांना पटलं. अडलं ते तारखेवर. उद्घाटन पंधरा दिवसांवर, आणि मी मागतोय सहा आठवडे!

कारण विनोग्राडस्कीचे कामगार रातोरात भरती होत नाहीत. नव्या फिल्टरमध्ये त्यांची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि आमच्याकडे दुसऱ्या टँकचा जुना फिल्टर नाही. प्रोजेक्टवर माणसं वाढवून डेडलाइन गाठता येत नाही हे आम्हा आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको. पंधराव्या दिवशी सहा डिस्कस सोडले तर फोटो झकास येतील, पण पुढच्या सोमवारी त्यातले किती पोहत असतील कुणास ठाऊक. रिबन कापणाऱ्याला तारीख बदलता येते, माशाला कल्ले बदलता येत नाहीत.

मधला मार्ग इतिहासातच आहे. उद्घाटन वनस्पतींचं करा! व्हॅलिस्नेरिया आहेच, अनुबियास आणि ॲमेझॉन स्वोर्ड ह्यांनाही कोमट पाणी चालतं, आणि आपल्या कोकणातल्या ओढ्यांत, भातखाचरांत उगवणारी क्रिप्टोकोरिन स्पायरॅलिससुद्धा लावून बघता येईल. क्लोरीन काढलेलं पाणी भरायचं, फिल्टर चालू ठेवायचा, जीवाणूंना थोडा थोडा अमोनिया द्यायचा आणि दर दोन दिवसांनी टेस्ट किटने मोजायचं. टाकलेला अमोनिया चोवीस तासांत नाहीसा व्हायला लागला आणि नायट्राइटही शून्य राहिलं, की पाण्याचा मोठा भाग बदलायचा आणि मगच डिस्कस आणायचे.

तोवर पाहुण्यांना रिकामा टँक दिसेल. दिसू दे. तो रिकामा नसतो.