गणवेशाच्या आतलं मन

पोलीस खात्यात मानसशास्त्रज्ञाचं काय काम, असं कुणी विचारलं तर आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर इंग्रजी सिनेमातला तो हुशार माणूस येतो. खुनाच्या जागेवर नुसती नजर फिरवायची आणि "खुनी तिशीतला आहे, डावखुरा आहे, त्याचं आईशी पटत नव्हतं" असं सांगून मोकळं व्हायचं! प्रत्यक्षातलं काम याच्याइतकं चमकदार नाही. पण त्याचा इतिहास मला सिनेमापेक्षा जास्त रंजक वाटतो.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०१३ साली 'पोलीस आणि सार्वजनिक सुरक्षा मानसशास्त्र' या विषयाला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता दिली. या शाखेत चार प्रकारची कामं येतात. भरतीच्या वेळी आणि नंतरही माणसांची पारख करणं, पोलिसांचं आणि त्यांच्या घरच्यांचं समुपदेशन, ओलीसनाट्यासारख्या प्रसंगी मदत, आणि खात्याच्या कारभाराबद्दल सल्ला. कागदावर ही चारही कामं गुण्यागोविंदाने शेजारी शेजारी बसलेली दिसतात. पण मागची शंभर वर्षं वाचत गेलं की लक्षात येतं, यात दोन अगदी वेगळ्या वृत्ती आहेत. एक माणसाला मोजू पाहते, दुसरी त्याचं ऐकून घेते. खात्याला पहिल्यापासून हौस होती ती मोजण्याची.

सुरुवात झाली १९१६ साली, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये. आज अर्ध्या पुण्याला ठाऊक असलेलं हे शहर तेव्हा फळबागांचं गाव होतं. लुईस टर्मन हे स्टॅनफर्डचे प्राध्यापक. बिने यांच्या फ्रेंच बुद्धिचाचणीची अमेरिकन आवृत्ती त्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केली होती. पोलीस आणि अग्निशामक दलाच्या जागांसाठी आलेल्या ३० उमेदवारांना त्यांनी ती चाचणी थोडी आखडून दिली. मधला बुद्ध्यांक निघाला ८४. ज्याचा बुद्ध्यांक ८० च्या खाली असेल त्याला घेऊ नका, अशी शिफारस टर्मनसाहेबांनी केली. १९१७ साली त्यांचा निबंध छापून आला आणि पोलीस मानसशास्त्राचा पाया म्हणून आजही त्याचंच नाव घेतलं जातं. टर्मन हे सुप्रजननवादाचे खंदे पुरस्कर्ते होते, बुद्धी बव्हंशी जन्मजात असते आणि वंशागणिक कमीजास्त होते असं मानणारे, हेही त्याबरोबर लक्षात ठेवलेलं बरं. मोजपट्टी हातात आली की मोजणाऱ्याचे पूर्वग्रहही तिच्याबरोबर येतात.

पाचच वर्षांनी, १९२२ साली, लुईस थर्स्टन यांनी डेट्रॉइटच्या ३५८ पोलिसांना पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी तयार झालेली बुद्धिचाचणी दिली. निकाल मोठा गमतीचा लागला. साध्या शिपायांचे गुण जास्त, सार्जंटांचे त्याहून कमी आणि लेफ्टनंटांचे सगळ्यांत कमी! म्हणजे हुद्दा चढत जातो तशी बुद्धी उतरत जाते की काय? थर्स्टन यांचा तर्क असा, की हुशार माणसं कंटाळून किंवा दुसरीकडे बरं मिळालं म्हणून नोकरी सोडून जात असणार, आणि जी राहतात तीच यथावकाश वर चढत असणार. (सरकारी कचेरीत कधी ना कधी खेटे घातलेल्या मराठी माणसाला हा तर्क फारसा नवा वाटू नये.)

या गोष्टीला पुढे एक शेपूट फुटलं. १९९६ साली कनेटिकट राज्यातल्या न्यू लंडन गावी (याच्याही काठी थेम्स नावाचीच नदी आहे) पोलिसात जाऊ इच्छिणाऱ्या एका माणसाला भरतीच्या चाचणीत ५० पैकी ३३ गुण मिळाले. बुद्ध्यांकात सांगायचं तर साधारण १२५. त्याला मुलाखतीला बोलावलंच नाही. कारण गावच्या पोलीस खात्याने २० ते २७ गुण मिळवणाऱ्यांनाच बोलवायचं ठरवलं होतं. फार हुशार माणूस कंटाळून सोडून जाईल आणि त्याच्या प्रशिक्षणावरचा खर्च पाण्यात जाईल, हा हिशेब. तो माणूस कोर्टात गेला आणि हरला. वरच्या कोर्टाने २००० साली सांगितलं, की नियम शहाणपणाचा असो वा नसो, सगळ्यांना सारखाच लावला आहे, तेव्हा यात भेदभाव नाही. थर्स्टन यांनी जे दुखणं म्हणून नोंदवलं होतं, त्यावर पाऊणशे वर्षांनी एका गावाने शोधलेलं औषध ते हे!

असो. मधल्या काळात बरंच पाणी वाहून गेलं होतं. १९६५ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल झाली आणि ३४ माणसं मेली. ठिणगी पडली होती एका कृष्णवर्णीय तरुणाला गाडी चालवताना अडवून पकडल्यावरून. अशा दंगली मग इतर शहरांतही होत राहिल्या. १९६७ साली अध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने शिफारस केली, की पोलिसात घेण्याआधी प्रत्येक उमेदवाराची मानसिक तपासणी व्हावी. तेव्हापासून भरतीच्या दाराशी प्रश्नावल्यांची चाळण लागली ती आजतागायत आहे. या चाळणीला नावं ठेवायचं कारण नाही. ज्याच्या हाती बंदूक द्यायची त्याचं डोकं ठिकाणावर आहे ना, हे पाहायलाच हवं. पण चाळण खडे बाजूला काढते, दाण्याला चव आणत नाही. मुळात मनोरुग्णालयासाठी बनलेली प्रश्नावली फार तर 'हा नको' एवढं सांगू शकते. रात्री दोन वाजता नवरा-बायकोच्या मारामारीत मध्ये उभा राहिल्यावर हा माणूस काय करेल, ते कसं सांगणार?

नेमक्या त्या रात्री दोनच्या प्रसंगाकडे मॉर्टन बार्ड या मानसशास्त्रज्ञाचं लक्ष गेलं. हे गृहस्थ स्वतः काही काळ न्यूयॉर्क पोलिसात काढून मग प्राध्यापक झालेले. पोलिसांना येणाऱ्या कितीतरी हाका घरगुती भांडणाच्या असतात आणि त्यांच्या जिवालाही तिथेच धोका असतो, हे त्यांनी ओळखलं. १९६७ साली त्यांनी हार्लेमच्या पश्चिम भागातल्या एका ठाण्यातले १८ स्वयंसेवक पोलीस निवडले, ९ गोरे आणि ९ काळे. त्यांना महिनाभर शिकवलं. नट आणून खोटी भांडणं लावली, पोलिसांना मध्ये पडायला सांगितलं, आणि नंतर काय चुकलं, काय जमलं याची चर्चा केली. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत न्या, बसा, टोपी काढा, आवाज खाली ठेवा, एकाचं पूर्ण ऐकून घ्या. वाड्यातली एखादी शहाणी आजी करायची तेच की हे! पण बंदूकधारी माणसाला ते पद्धतशीर शिकवावं हे तोवर कुणाला सुचलं नव्हतं. पुढची दोनेक वर्षं हे पथक शेकडो घरांत शिरलं आणि ज्या कुटुंबांत ते एकदा जाऊन आलं होतं त्यांतल्या एकातही खून पडला नाही.

इथे एक 'पण' आहे, आणि तो सांगितला नाही तर इतिहास अर्धाच राहील. 'भांडण मिटवा' हा धडा पोलीस खात्यांनी फार सोयीस्करपणे उचलला. बायकोला रक्तबंबाळ करणाऱ्या नवऱ्यालाही 'जरा फिरून या' म्हणून सोडून देणं पोलिसांच्या अंगवळणी होतंच, आता त्याला शास्त्राचा आधारही सापडला. १९७६ साली मार खाणाऱ्या बायकांनी न्यूयॉर्क पोलिसांवरच दावा लावला. १९७८ साली समझोत्यात खात्याला कबूल करावं लागलं, की गंभीर गुन्हा दिसत असेल तर नवरा म्हणून सवलत नाही, अटकच करायची. ऐकून घेणं म्हणजे गुन्ह्याकडे काणाडोळा करणं नव्हे, हा धडा त्या बायकांनी दिला.

आता म्युनिक. १९७२ च्या ऑलिंपिकआधी तिथल्या पोलिसांचे मानसशास्त्रज्ञ गेऑर्ग झीबर यांना संयोजकांनी, काय काय विपरीत घडू शकतं याची यादी करायला सांगितलं. त्यांनी २६ शक्यता लिहून दिल्या. त्यातली २१ वी अशी, की पॅलेस्टिनी बंदूकधारी पहाटे कुंपणावरून चढून येतील आणि इस्रायली चमूला ओलीस धरतील. ५ सप्टेंबरच्या पहाटे जवळजवळ तसंच घडलं. बंदोबस्त बदललेला नव्हता. पुढे विमानतळावर सुटकेचा प्रयत्न फसला आणि इस्रायली चमूतले ११ जण गेले. खेळ आनंदाचे वाटावेत म्हणून संयोजकांना वातावरण मोकळं हवं होतं. मानसशास्त्रज्ञ पगारावर होता, त्याचा कागद फायलीत होता. वाचून त्याप्रमाणे वागणारं मात्र कुणी नव्हतं.

न्यूयॉर्कमध्ये तो धडा कुणीतरी घेतला. हार्वी श्लॉसबर्ग हे तिथल्या पोलीस खात्यात नोकरी करता करता मानसशास्त्रात पीएचडी झालेले. म्युनिकनंतर त्यांनी आणि फ्रँक बोल्झ या अधिकाऱ्याने मिळून ओलीस प्रसंगासाठी नवी रीत बांधली. वेढा घाला, पण आत घुसू नका. बोलत राहा. घाई करू नका. सुरुवातीचा थरार ओसरतो, भूक लागते, झोप येते, बोलणाऱ्याचा आवाज ओळखीचा होतो. वेळ आपल्या बाजूने असतो.

परीक्षा लगेच आली. १९ जानेवारी १९७३ ला ब्रुकलिनमधल्या खेळाच्या सामानाच्या एका दुकानात चार तरुण बंदुका लुटायला शिरले आणि आतल्या लोकांना ओलीस धरून बसले. पहिल्याच संध्याकाळी गोळीबारात एक पोलीस मारला गेला. विचार करा, आपला माणूस रस्त्यावर पडलाय, भोवती शेकडो पोलीस बंदुका घेऊन उभे आहेत, आणि पीएचडीवाला सहकारी सांगतोय, थांबा! पण थांबले. ४७ तास हे नाट्य चाललं. दरम्यान दुकानाचा मालक ओलिसांना घेऊन छतावरून निसटला, आणि शेवटी आतले चौघे हात वर करून बाहेर आले. आधीच्या काळात असल्या प्रसंगाचा शेवट काय झाला असता ते सांगायला नको. पुढे जगभरच्या पोलिसांनी ही रीत उचलली.

ऐकून घेण्याचा एवढा गुण आला म्हणून मोजण्याची हौस सरली का? छे! लॉस एंजेलिस पोलिसांनी १९६८ साली मार्टिन रायझर यांना पूर्णवेळ मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमलं होतं. स्वतःचा पूर्णवेळ मानसशास्त्रज्ञ असलेलं मोठ्या शहराचं ते पहिलं खातं मानलं जातं. पोलिसांच्या ताणाबद्दल रायझर यांनी चांगलं काम केलं. पण १९७५ च्या सुमारास त्यांनी संमोहनाचा मार्ग धरला. स्मृती म्हणजे जणू व्हिडिओ टेप, साक्षीदाराला संमोहित करा आणि टेप मागे फिरवून पाहा. त्यांनी कितीतरी पोलिसांना संमोहन शिकवलं. याच सुमाराला एलिझाबेथ लॉफ्टस प्रयोगांतून दाखवत होत्या, की प्रश्नातला एक शब्द बदलला तरी माणसाची आठवण बदलते. गाड्या 'आदळल्या' म्हणण्याऐवजी 'चक्काचूर झाल्या' म्हटलं की बघणाऱ्याला न फुटलेल्या काचा आठवू लागतात! १९८२ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने संमोहनातून आलेल्या साक्षीला दार बंद केलं. पुढे कायद्याने कडक अटींवर एक फट तेवढी ठेवली.

आपल्याकडे हाच मोह वेगळ्या वेषात आला. तेलगीची नार्को चाचणी आपण टीव्हीवर पाहिली आहे. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात शिक्षा देताना मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीचाही आधार घेतला. ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निकाल दिला, की नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग यांतलं काहीही माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही. मन म्हणजे कुलूप लावलेली पेटी आणि आपल्याला फक्त किल्ली सापडायची आहे, ही समजूत काही केल्या जात नाही.

शेवटची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. १९९१ साली इलिनॉय राज्यातल्या एका गावात भांडणाच्या हाकेवर गेलेल्या पोलीस अधिकारी बाईंनी एका माणसावर गोळी झाडली. तो मेला. त्याच्या हातात सुरा होता असं त्यांचं म्हणणं, तो निःशस्त्र होता असं त्याच्या घरच्यांचं. गोळीबारानंतर त्या एका समुपदेशक समाजसेविकेकडे जाऊ लागल्या, जवळपास ५० वेळा गेल्या. मृताच्या घरच्यांनी दावा लावला आणि त्या बैठकींची टिपणं मागितली. न्यायाधीशांनी ती द्यायला सांगितलं, तरी दोघींनी नकार दिला. टिपणं देत नाहीत म्हणजे त्यांत यांच्या विरुद्धच काही असेल असं समजा, असं ज्यूरीला सांगण्यात आलं आणि निकाल विरुद्ध गेला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचलं. जॅफी विरुद्ध रेडमंड, १३ जून १९९६. सात विरुद्ध दोन मतांनी न्यायालयाने सांगितलं, की उपचार करणाऱ्यापाशी बोललेलं गुप्त राहील. आज अमेरिकेत कुणीही सामान्य माणूस समुपदेशकापाशी मन मोकळं करतो तेव्हा त्या गुप्ततेमागे, निदान संघराज्याच्या न्यायालयांत, एका पोलीस बाईंचा हा खटला उभा आहे.

यात एक काटा आहे, तो नाकारायचा नाही. मेलेल्या माणसाच्या घरच्यांनाही सत्य हवं होतं आणि त्यांचा तो हक्कच होता. गुप्ततेची किंमत त्यांनी मोजली. दोन न्यायमूर्तींचा विरोध काही अगदीच अनाठायी नव्हता.

तरीही मला बहुमताचं पटतं. दोन्ही प्रकारच्या खोल्या लागतात, पण कोणती कुठली ते स्पष्ट हवं. 'हा नोकरीला योग्य आहे का' हे बघणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचा अहवाल साहेबाच्या टेबलावर जातो, आणि ते समोरच्याला आधी सांगितलं जायला हवं. उपचाराच्या खोलीतलं तिथेच राहतं. म्हणूनच एकाच माणसाने एकाच पोलिसासाठी ही दोन्ही कामं करू नयेत, असा या व्यवसायातला दंडक आहे. तो मोडला तर पोलीस गप्प बसतो. आणि ज्याच्या कमरेला पिस्तूल आहे असा माणूस आतल्या आत गप्प बसला तर काय होऊ शकतं, हे त्याच्या घरच्यांना कळतं, नाहीतर रस्त्यावर त्याच्यासमोर येणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाला.