मोर्तबाची कुळकथा

शिवकालीन पत्राच्या शेवटच्या ओळीला अगदी खेटून एक लहानसा शिक्का असतो. माथ्यावरची मुद्रा मोठी, हुद्दा सांगणारी. हा जेमतेम नाण्याएवढा. त्यातली अक्षरे लावली की वाचता येते : ‘मर्यादेयं विराजते’. पेशवाईत हेच काम ‘लेखनसीमा’ हा शब्द करतो. मोडीचा मजकूर सलग धावतो, खाली कोरा कागद उरतो. रकमेपुढे दोन शब्द घुसडायला सराईत हाताला कितीसा वेळ लागणार? ती वाट बंद करायची, एवढेच या शिक्क्याचे काम. त्याचे नाव मोर्तब. अरबी ‘मुरत्तब’, म्हणजे नीट लावलेले, सिद्ध झालेले. सोयरीक पक्की झाली की आपण ‘शिक्कामोर्तब झाले’ म्हणतो, तेव्हा हे दोन्ही ठसे बोलत असतात. पत्र कोणाचे ते माथ्यावरचा शिक्का सांगतो. ते कुठे संपले ते मोर्तब.

हाच प्रश्न आजच्या व्यवहारातही येतो. सास्तूरसारख्या गावातून कोणी फोनवर पुस्तक मागवते, पैसे भरते. पेमेंट गेटवे दुकानाच्या सर्व्हरला कळवतो : अमुक ऑर्डरचे ४५० रुपये जमा. हा निरोप गेटवेचाच कशावरून? दोघांकडे एक गुप्त किल्ली असते. किल्ली आणि मजकूर मिळून हॅश काढायचा आणि तो सही म्हणून निरोपासोबत धाडायचा. दुकान आपल्याकडच्या किल्लीने तोच हिशेब पुन्हा करते. जुळला तर निरोप खरा.

हॅश म्हणजे मजकुराचा ठराविक लांबीचा अर्क. ४५०चे ४५१ केले तरी तो ओळखू येणार नाही इतका पालटतो. मोर्तबाचा ठसा मात्र प्रत्येक पत्रावर एकच असे. या बाबतीत हॅश फार पुढे गेला.

पण किल्ली मजकुरापुढे नुसती चिकटवून हॅश काढला, तर जुनीच वाट उघडी राहते. एमडी५, शा-१, शा-२५६ हे हॅश मजकुराचे तुकडे एकामागून एक गिळतात, आणि शेवटी हाती येते ती त्यांची त्या क्षणाची पूर्ण अवस्था. ती मिळाली की किल्ली ठाऊक नसतानाही, तिच्या लांबीचा अंदाज घेऊन, तिथूनच पुढे नवा मजकूर जोडता येतो आणि सहीही बरोबर निघते. थाई डुओंग आणि हुलिआनो रिझ्झो या सुरक्षा-संशोधकांनी २००९मध्ये फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळाच्या एपीआयवर हे दाखवून दिले. कोऱ्या कागदावर घुसडलेले दोन शब्दच हे!

आणि त्यावरचा उतारा तेव्हा तेरा वर्षे जुना होता. मिहिर बेलारे, रान कानेत्ती आणि ह्यूगो क्रॉचिक या गूढलेखन-तज्ज्ञांनी १९९६मध्ये एचमॅक मांडला. १९९७च्या फेब्रुवारीत तो आरएफसी २१०४ या इंटरनेट-दस्तऐवजात प्रसिद्ध झाला. युक्ती देखणी आहे. किल्ली मिसळून मजकुराचा हॅश काढायचा. मग तीच किल्ली निराळ्या तऱ्हेने मिसळून त्या हॅशचा पुन्हा हॅश. आतली अवस्था बाहेर दिसतच नाही, त्यामुळे पुढे काही जोडायला धागा सापडत नाही. मला या दुसऱ्या फेरीत मोर्तबच दिसते.

जुन्या पत्रात ‘छ’ लिहून चंद्राची तारीख देत. तशीच सर्व्हरकडे जाणाऱ्या विनंतीतही वेळ घालून त्यासकट सही करतात, कारण खराच निरोप जसाच्या तसा उचलून कोणी पुन्हा धाडला तर हॅश बिनचूक जुळेल. ॲमेझॉनची एस३ ही साठवण-सेवा म्हणूनच वेळेत १५ मिनिटांहून जास्त फरक असलेली विनंती, सही खरी असली तरी, परत लावते.