दगडातले वासे

लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गेलेली शाळेची सहल सहसा गिरिजात्मजाचे दर्शन घेते, समोर पसरलेले कुकडीचे खोरे पाहते आणि परत फिरते. शेजारच्या सहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात, मुले डोकावतात, स्तूप पाहतात, एखादी आरोळी ठोकून प्रतिध्वनी ऐकतात आणि बाहेर पडतात. छताकडे फारसे कोणी पाहत नाही. खरी गंमत तर तिथेच आहे.

हे छत उलट्या ठेवलेल्या पन्हळीसारखे अर्धगोल आहे आणि त्याच्या पोटाला ठरावीक अंतराने दगडी फासळ्या आहेत. या फासळ्या कसलाही भार उचलत नाहीत. उद्या त्या सगळ्या तासून टाकल्या तरी छत आहे तिथेच राहील, कारण ते छत म्हणजे अखंड डोंगर आहे. शिवाय कोरीव कामात फासळी 'बसवता' येत नाही. दोन फासळ्यांमधला सगळा खडक काढून टाकावा, तेव्हा फासळी मागे उरते. म्हणजे ज्या वस्तूचा काडीचाही उपयोग नाही, तिच्यासाठी पाथरवटांनी छिन्नी-हातोड्याचे कितीतरी दिवस खर्च केले. का बरे केले असावेत?

जीवशास्त्र शिकवणाऱ्यांना या प्रश्नाचा नमुना ओळखीचा वाटेल. माणसाच्या पाठीच्या कण्याच्या टोकाशी माकडहाड असते. त्याचे आजचे स्थान शेपटीच्या पूर्वेतिहासाशिवाय समजत नाही. लेण्यातल्या फासळीचेही तसेच आहे. दगडात तिला काम नाही, पण ती जिथून आली तिथे तिला काम होते. ती लाकडी घरातून आली.

हे पटवून घ्यायचे तर जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातले एखादे जुने घर आठवावे. जमिनीत रोवलेल्या मेढी, त्यांच्यावर आडव्या तुळया, माथ्यावर आढे, आढ्यापासून खाली उतरणारे वासे, वाशांवर आडव्या कामट्या आणि त्यांच्यावर गवत किंवा कौले. भिंती कारवीच्या कुडाच्या, वरून माती-शेणाने लिंपलेल्या. या घरात प्रत्येक लाकडाला नेमके काम असते. वासा काढला तर छप्पर खाली येते. आता हेच वासे सरळ न ठेवता वाकवून कमानीसारखे बसवले, तर आतून दिसणारे दृश्य लेण्याद्रीच्या चैत्यगृहासारखेच असेल.

ही नुसती कल्पना नाही, आणि त्याचा पुरावा पुणे जिल्ह्यातच आहे. मावळातले भाजे येथील चैत्यगृह इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे, म्हणजे लेण्याद्रीच्या चैत्यगृहापेक्षा बरेच जुने. तिथे छताखाली खऱ्या लाकडी फासळ्या आहेत. पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांना तिथल्या लाकडावर ब्राह्मी अक्षरेही आढळली, म्हणजे ते लाकूड प्राचीनच आहे. भाज्याचा दर्शनी भागही लाकडी होता. ते लाकूड गेले, पण ते अडकवण्यासाठी खडकात केलेल्या खाचा उरल्या. आणि सर्वांत बोलका पुरावा म्हणजे तिथले २७ अष्टकोनी खांब. ते सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला झुकलेले आहेत.

हा झुकाव बलांच्या धड्यात सांगण्यासारखा आहे. कमानदार छप्पर आपले वजन फक्त खाली टाकत नाही, ते पायाशी बाहेरच्या दिशेनेही रेटा देते. वाकवलेली बांबूची पट्टी टेबलावर उभी धरून वरून दाबली, की तिची दोन्ही टोके बाहेर सरकतात, तोच हा रेटा. लाकडी इमारतीत खांब आत झुकवून रोवले तर हा रेटा त्यांच्या लांबीच्या दिशेने जमिनीत उतरतो. डोंगराच्या पोटात मात्र रेटा देणारे छप्परच नाही. तरीही भाज्याचे खांब झुकलेले आहेत, कारण कोरणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असलेल्या इमारतीचे खांब तसे होते. पुढे कार्ल्याला खांब सरळ झाले, पण फासळ्या सागवानी लाकडाच्याच राहिल्या. लेण्याद्रीला खांब सरळ आणि फासळ्याही दगडी. पायरी-पायरीने लाकूड मागे पडले आणि त्याचा आकार तेवढा टिकून राहिला. (सगळी लेणी या एका सरळ रांगेत बसवता येतात असे नाही. कोंडाण्यासारखी मधल्या अवस्थेची उदाहरणेही आहेत.)

जगात अन्यत्रही असे घडले आहे. ग्रीक देवळांच्या तुळईवर उभ्या खाचांचे चौकोनी ठोकळे दिसतात. ते मूळच्या लाकडी तुळयांच्या टोकांची आठवण आहेत, असे इ.स.पू. पहिल्या शतकातल्या व्हिट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकाराने लिहून ठेवले आहे. बिहारमधल्या बराबर टेकड्यांत मौर्यकाळात कोरलेल्या सुदामा लेण्यात तर पाथरवटांनी ग्रॅनाइटमध्ये एक गोल झोपडीच उभी केली आहे. तिच्या छपराची पुढे आलेली वळचणसुद्धा दगडात आहे.

या गोल झोपडीचे एक नातेवाईक जुन्नरला आहे. गावाच्या पश्चिमेला तुळजा लेणी आहेत. लेण्याद्रीच्या मानाने तिकडे वर्दळ कमी. सहल न्यायची तर खरे म्हणजे इथे न्यावी. इथले चैत्यगृह लांबट नसून वर्तुळाकार आहे. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या ग्रंथातल्या मोजमापांनुसार त्याचा व्यास सुमारे ७.८ मीटर भरतो. मधोमध स्तूप, त्याच्याभोवती १२ अष्टकोनी खांबांचे कडे, खांबांवर घुमटाकार छत. खांबांना ना तळखडा, ना शीर्ष. जमिनीतून वर आले आणि छताला भिडले. रोवलेल्या मेढीला तळखडा कुठून असणार? या लेण्याचा काळ इ.स.पू. पहिल्या शतकाच्या आसपासचा मानतात. असा आराखडा भारतात फार थोड्या ठिकाणी मिळतो. राजस्थानात बैराट येथे दयाराम साहनी यांनी १९३५-३६ मध्ये उत्खनन केले, तेव्हा मौर्यकाळातल्या एका वर्तुळाकार मंदिराचा पाया उघडा पडला. त्याच्या भिंतीत विटांच्या जोडीने २६ अष्टकोनी लाकडी खांब होते. तुळजा लेणे हे त्याच घराण्यातले, फक्त दगडातले.

खांब अष्टकोनी का, असा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा. सुताराला ओंडका तासून आधी चौकोनी करणे सोपे, आणि मग चारही कोपरे उडवले की अष्टकोन मिळतो. किती उडवायचे? चौकोनाची बाजू १०० मानली तर प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना २९.३ मापावर खूण करायची. वरच्या वर्गातल्या मुलांना हा आकडा पायथागोरसच्या प्रमेयावरून काढता येईल. खडूच्या जाड कांडीवर किंवा साबणाच्या वडीवर करूनही पाहता येईल.

आता एक रास्त शंका. दगडी नकलेवरून लाकडी मूळ होते असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्ष लाकडी घरांचा पुरावा काय? त्यासाठी नदीने खाली जावे लागते. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला सह्याद्रीत उगम पावणारी घोड नदी डिंभे, घोडेगाव असा प्रवास करत शिरूर तालुक्यात उतरते. तिथे तिच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या मार्गदर्शनाखाली इथे उत्खनन केले. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली, तांबे आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. शंभराहून अधिक घरे. एकही दगडी नाही.

मग तीन हजार वर्षांपूर्वीचे कुडाचे घर सापडते कसे? मेढ कुजते, पण तिच्यासाठी खणलेला खड्डा मोडत नाही. त्यात वेगळ्या रंगाची, भुसभुशीत माती भरते. चोपलेल्या जमिनीवरची मातीची थरथर जपून खरवडली की हे खड्डे गोल डागांसारखे दिसू लागतात. डागांची रांग जोडत गेले की भिंत मिळते, भिंतीवरून घराचा आकार मिळतो. इनामगावची आधीची घरे आयताकृती आहेत. साधारण पाच मीटर लांब आणि तीन मीटर रुंद, बुटक्या मातीच्या भिंतींची. इ.स.पू. १००० नंतरच्या थरांत त्यांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतलेली दिसते. हवामान कोरडे झाले, शेती मागे पडली आणि लोक पशुपालनाकडे वळले, असा अर्थ ढवळीकरांनी लावला.

इनामगावच्या गोल झोपडीपासून तुळजा लेण्यापर्यंत सरळ रेघ ओढण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. दोन्हींमध्ये काही शतकांचे अंतर आहे, आणि गोल चैत्याचा आराखडा उत्तरेतून बौद्ध संघाबरोबर आला असण्याची शक्यता जास्त. सिद्ध होते ते इतकेच, की या खोऱ्यात दगड कोरायला सुरुवात होण्याआधी निदान हजारभर वर्षे माणसे माती, बांबू आणि लाकडाने घरे बांधत होती. आपल्या पाठ्यपुस्तकांतला वास्तुकलेचा इतिहास हडप्पाच्या विटांवरून एकदम अशोकाच्या स्तंभांवर आणि लेण्यांवर उडी मारतो, त्यामुळे मधल्या काळात कोणी काही बांधतच नव्हते असा मुलांचा समज होतो. बांधत होते. फक्त ते कुजणाऱ्या, जळणाऱ्या, वाळवी लागणाऱ्या वस्तूंनी बांधत होते.

लेण्याद्रीचे कारागीर केवळ नकलाकार होते असाही ग्रह होऊ नये. गिरिजात्मज जिथे आहे ते सातवे लेणे मूळचे विहार, म्हणजे भिक्खूंचे निवासस्थान. मधला सभामंडप सुमारे १७ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद, कडेने २० खोल्या, आणि मध्ये एकही खांब नाही. लाकडी तुळयांनी एवढी जागा विनाखांब झाकणे अवघड. दगड दाब उत्तम सोसतो, पण ताण सोसण्याची त्याची ताकद त्याच्या जेमतेम दहाव्या-पंधराव्या हिश्श्याइतकी असते, म्हणून सुटी दगडी तुळई एवढ्या लांबीला मधोमध तडकली असती. इथे छताच्या वर खडकाचा जाड थर आहे आणि तो भार स्वतःमधूनच कमानीसारखा बाजूंकडे वळवतो. हे गणित कारागिरांना सूत्रांनी येत नव्हते, पण खडक ओळखता येत होता. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्यातला कुठला थर अभंग आहे आणि कुठला सच्छिद्र, ठिसूळ, हे जाणल्याशिवाय असे छत टिकत नाही.

अंदाज चुकल्याचे उदाहरणही शेजारच्या मानमोडीच्या डोंगरात आहे. तिथल्या अंबा-अंबिका गटातले चैत्यगृह अर्धवट राहिले आहे. खडकातला दोष हे त्याचे कारण असावे असे मानले जाते. आपल्याला मात्र ते फार उपयोगी. लेणे वरून खाली कोरत आणतात हे तिथे उघड दिसते. आधी छत, मग खाली खाली, म्हणजे परातीची किंवा माचाची गरज नाही, आणि वरचा तुकडा पडून खालचे तयार काम फुटण्याची भीतीही नाही.

हे सगळे कोणी करवून घेतले? 'पांडवांनी एका रात्रीत' हे उत्तर अजूनही ऐकू येते. लेणी स्वतः वेगळे सांगतात. जुन्नरच्या डोंगरांत दोनशेहून अधिक खोदकामे आहेत आणि ब्राह्मी लिपीतले तीसेक लेख. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या एका हेरणिकाच्या, म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार करणाऱ्याच्या, सुलसदत्त नावाच्या मुलाने दिले. मानमोडीवरच्या एका लेखात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी मंडप आणि पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दिल्याची नोंद आहे. इरिल, चिट आणि चंद हे तीन दाते स्वतःला यवन म्हणवतात. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. राजे इथे जवळजवळ नाहीतच. नाणेघाटाने कोकणात उतरणाऱ्या व्यापारी वाटेवरचे हे गाव, आणि दानही व्यापाऱ्या-कारागिरांचे.

या लेखांत एक उल्लेख विशेष लक्षात राहण्याजोगा आहे. दानाची रक्कम ज्या श्रेणींकडे गुंतवली त्यांत कासाकार म्हणजे कासार आहेत, आणि वंसकार म्हणजे बांबूचे काम करणारे बुरूड आहेत. ज्यांच्या हातची छपरे आणि कूड पाहून पाथरवटांनी दगडात वासे कोरले, त्याच हुन्नराची माणसे. त्यांनी विणलेले काहीही आज शिल्लक नाही.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातही आता स्लॅबची आणि पत्र्याची घरे वाढली आहेत, आणि त्यात राहणाऱ्यांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी छपराचे गवत बदलण्याचे कष्ट ज्यांनी केले आहेत, त्यांना जुन्या घराचे कौतुक सांगण्यात अर्थ नाही. पण मेढ, आढे, वासा, कामटी हे शब्द कोणत्या लाकडाचे आणि त्या लाकडाचे काम काय, हे सांगू शकणारी माणसे वर्गातल्या मुलांच्या घरी अजून आहेत. सहलीच्या आधी मुलांनी त्यांना विचारून गवती घराचे चित्र काढावे, प्रत्येक लाकडाचे नाव लिहावे, आणि ते चित्र हातात घेऊन सहाव्या लेण्यात जावे. कोणते लाकूड दगडात सापडते आणि कोणते नाही, याची यादी तिथेच करता येईल. तुळयांची टोके शोधायला विसरू नये. ती बहुधा बाहेर, दर्शनी भागावर, डोक्याच्या वर असतात.