गडाखालची नदी



ताम्हिणीच्या पावसात माझे बालपण गेले. ज्येष्ठात एकदा धार लागली की आश्विनापर्यंत घोंगडी वाळत नसे. उघडीप पडली की विंझाईच्या राईजवळ गुरे सोडून आम्ही पोरे पलीकडचे डोंगर पाहत बसायचो. त्यांतला कैलासगड मला आजीने ओळखायला शिकवला. त्या गडाखालच्या खोऱ्यात, मुळेकाठी तिचे माहेर होते. होते म्हणायचे, कारण मला कळू लागले तेव्हा तिथे मुळशी धरणाचे पाणी होते.

एका वैशाखात आजोबा मला गडावर घेऊन गेले. तट-बुरूज फारसे उरलेले नाहीत. कातळात खोदलेले पाण्याचे टाके आहे, महादेवाची पिंड आहे. आजोबांनी पिंडीवर पाणी घातले आणि तोंडाने विठ्ठलाचे नाव घेतले. मी नवलाने पाहिले तेव्हा म्हणाले, "आपला विठोबाच महादेवाला डोईवर घेऊन उभा आहे. आपण कोण भेद करणार?" मग त्यांनी खाली बोट दाखवले. पाणी ओसरून काठाला घरांचे चौथरे उघडे पडले होते. त्यांतला आजीच्या घरचा कोणता, हे त्यांनाही सांगता आले नाही.

गडाने किती राजवटी पाहिल्या असतील. पण खालचे खोरे कोणत्या लढाईत मोडले नाही. मुंबईला वीज हवी होती, म्हणून मुळेवर धरण आले आणि सुमारे पन्नास गावांवर संकट कोसळले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्यांच्यासोबत उभे राहिले. बापटांना लोक 'सेनापती' म्हणू लागले ते याच लढ्यापासून. बायाबापड्याही कामावर जाऊन बसल्या, तुरुंगात गेल्या. पण पुष्कळ जमीन सावकारांच्या नावावर; त्यांना मोबदला हवा होता आणि कसणाऱ्याला जमीन. लढा हरला. सेनापतींनी पुढे मोठी सजा भोगली, ते १९३१ साली सुटले. त्याआधीच, १९२७ साली, भिऱ्याचे वीजघर सुरू झाले होते.

यात आणखी एक गोष्ट घडली, ती वारकऱ्याने ध्यानात घ्यावी अशी आहे. आमची मुळा पुण्यात मुठेला भेटते, दोघी मिळून भीमेला भेटतात आणि भीमा पंढरीला जाऊन चंद्रभागा होते. म्हणजे आमच्या डोंगरावरचा पाऊस जन्मापासून पंढरीचा वारकरी. धरणाने त्याचे तोंड फिरवले. आता ते पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला भिऱ्याला उतरते आणि कुंडलिकेच्या वाटेने समुद्राला मिळते.

आजी दर आषाढीला पायी जायची. निघताना ओढ्याचे पाणी तांब्याच्या लहानशा गडूत भरून घ्यायची आणि चंद्रभागेत सोडायची. कुणी हसले तर म्हणायची, "नदीची वारी चुकली, म्हणून मी नेते." सगळे वारकरी पंढरीला माहेर म्हणतात. आजीला दुसरे माहेर उरलेच नव्हते.

मी कीर्तने करू लागलो तेव्हा पंचविशीत होतो. एका सप्ताहात संसाराच्या नश्वरतेवर निरूपण रंगले. मी जोरात म्हणालो, "कैलासगडाचे बुरूज गेले, खालची गावे गेली, कुणाचे काय राहिले?" माना डोलल्या, टाळ वाजले. मला धन्य वाटले. समोर आजी बसली होती. तिने मान डोलावली नाही.

रात्री भाकरी वाढताना ती म्हणाली, "बुरूज पडलं, त्ये काळानं पाडलं. गाव न्हाई पडलं, बाळा. आमचं गाव घेतलं. दोन्ही एका टाळात नगं वाजवूस."

घास हातातच राहिला. वैराग्य हे आपल्या देहाला, आपल्या हावेला सांगायचे असते. ज्याचे घर दुसऱ्याने नेले त्याला 'सर्व नश्वर आहे' सांगणे म्हणजे संतांचे नाव घेऊन नेणाऱ्याची बाजू घेणे. संतांनी रंजल्यागांजल्याला आपले म्हटले. त्याचे दुःख माया म्हणून टाकून दिले नाही. हे मला पोथ्यांनी आधीच सांगितले होते, पण कळले त्या रात्री. त्यानंतर चाळीस वर्षे कीर्तन केले, तो दृष्टांत पुन्हा दिला नाही. गडाची गोष्ट निघाली की गावाची पूर्ण सांगितली, सत्याग्रहासकट.

आता गुडघे साथ देत नाहीत. पायी वारी सुटली. आजीचा गडू नातवाच्या हाती दिला आहे. आषाढात पाऊस फार झाला की धरण भरून वाहते आणि थोडे पाणी जुन्या वाटेने पौडाकडे, पुण्याकडे निघते. त्या दिवशी मी ओसरीवर बसून हात जोडतो. नदी वारीला निघाली, म्हणतो.

पुंडलिक वरदा हारी विठ्ठल!