पथ्य आणि पहारा

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधिद्रव्य, परिचारक आणि रोगी; आणि या प्रत्येकाच्या अंगी असावेत म्हणून जे चार-चार गुण मोजले आहेत त्यांत रोग्याच्या वाट्याला स्मरणशक्ती, निर्भयता, आपली व्यथा नीट सांगण्याचे सामर्थ्य आणि ‘निर्देशकारित्व’, म्हणजे वैद्याने सांगितले ते तसेच करणे, हे गुण आले आहेत. यांतला शेवटचा शब्द मला फार दिवस अस्वस्थ करीत आला आहे. ज्वरात किंवा अतिसारात हे निर्देशकारित्व आठ-पंधरा दिवसांचे असते. मधुमेहात मात्र ते आमरण पाळावे लागते, आणि या व्याधीचा पूर्वेतिहास चाळीत गेले की तो जितका औषधांच्या शोधाचा आहे तितकाच, रोग्याकडून हा एक गुण वसूल करण्यासाठी योजलेल्या नाना तजविजींचाही आहे, असे दिसून येते.

सुश्रुताने प्रमेहाचे जन्मजात आणि अपथ्यजन्य असे दोन प्रकार मानले आणि पहिल्याचा रोगी कृश व दुसऱ्याचा स्थूल असतो हेही नोंदवून ठेवले. पण त्याने सांगितलेले आचरण त्याहून लक्षणीय आहे. निर्धन व निराधार रोग्याने पायांत जोडा न घालता, डोक्यावर छत्र न धरता, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहत, मुनीप्रमाणे संयमाने शंभर योजने किंवा त्याहूनही अधिक चालत जावे. धनवंताने सावे, देवभात, आवळे, कवठे यांवर निर्वाह करून हरणांच्या संगतीत राहावे, गाईंमागून हिंडावे. इतरांनी सतत शेत कसावे किंवा विहीर खणावी. व्यायाम आणि अल्पाहार यांचे महत्त्व त्या काळी ओळखले गेले होते, म्हणून आपण या उताऱ्याचे कौतुक करतो, आणि ते रास्तही आहे. परंतु मला त्यात आणखी एक जाणीव दिसते. घरात राहून हे पथ्य निभणार नाही, हे त्या वैद्याने ओळखले होते, आणि म्हणूनच उपाय सांगताना त्याने रोग्याला प्रथम उंबऱ्याबाहेर काढले.

युरोपात हीच अडचण निराळ्या रीतीने सोडवली गेली. मधुमेह्याच्या मूत्रात साखर असते हे मॅथ्यू डॉब्सनने 1776 मध्ये दाखवून दिल्यावर आहार हाच उपचाराचा कणा ठरला, आणि त्याबरोबर रोगी चोरून खातो ही वैद्यांची तक्रारही सुरू झाली. नेपल्सच्या कांतानीने रोग्यांना कुलूपबंद खोलीत ठेवून केवळ मांसाहारावर राखले. स्ट्रासबुर्गच्या नाउनीनने मूत्र शर्करामुक्त होईपर्यंत त्यांना महिनेच्या महिने कोंडून ठेवण्याचा परिपाठ घातला. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही, कारण दुसरा इलाज कोणालाच ठाऊक नव्हता. पण ज्या उपचाराला कैदेचा बंदोबस्त लागतो तो मनुष्याच्या नित्य जीवनात कसा टिकावा, या प्रश्नाला त्या कुलपाने उत्तर दिले नाही. पॅरिसच्या बूशार्दाने तेवढ्यात एक वेगळी वाट धरली होती. 1870–71 च्या वेढ्यात शहराची उपासमार झाली तेव्हा मधुमेह्यांच्या मूत्रातील साखर घटल्याचे त्याने पाहिले आणि मिताहार व श्रम यांवर भर दिला. पण त्याचबरोबर रोग्याने आपले मूत्र रोज आपणच तपासावे, हेही त्याने शिकवले. पहारेकऱ्याचे काम त्याने रोग्याच्याच हाती सोपवले, आणि या साऱ्या इतिहासात मला हे पाऊल फार मोठे वाटते.

अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास फ्रेडरिक ॲलनचा उपासमारीचा उपचार प्रचारात आला. त्याच्या देखरेखीखाली असलेल्या बारा वर्षांच्या एका अंध मुलाच्या मूत्रात, आहाराचा सगळा हिशेब चोख असताना, साखर दिसू लागली. चौकशीअंती समजले की मुलगा दात घासण्याची पेस्ट खात होता, आणि हट्टाने मागून घेतलेल्या कॅनरी पक्ष्याच्या पिंजऱ्यातले दाणेही. तो वाचला नाही. ज्या हकिकतीची नोंद बेहुकमीच्या सदरात झाली, ती वाचताना आज फक्त भूक दिसते.

11 जानेवारी 1922 रोजी टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले आणि त्या महिन्याअखेर, अर्क अधिक शुद्ध झाल्यावर, त्याचा गुण दिसला. मरणाची शिक्षा तहकूब झाली, पण निर्देशांची यादी वाढली. काचेची सिरिंज उकळायची, बोथटलेली सुई दगडावर घासून धार लावायची, परीक्षानळीत बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात मूत्राचे थेंब टाकून ती दिव्यावर धरायची आणि रंग हिरवा होतो, पिवळा होतो की विटकरी, हे श्वास रोखून पाहायचे. शिवाय आता आज्ञापालनालाही दंड जडला. मात्रा घेतली आणि जेवायला उशीर झाला तर घाम सुटतो, हातपाय कापतात, शुद्ध हरपते. कुपथ्याची शिक्षा डोळ्यांना, मूत्रपिंडांना, पायांना दहा-वीस वर्षांनी भोगावी लागते. पथ्याची शिक्षा मात्र कधी कधी त्याच दुपारी मिळते. असे असता माणूस कचरला, तर त्याला निव्वळ दुर्बल म्हणण्यास माझे मन घेत नाही.

आणि उंबऱ्याच्या आत काय आहे? आपल्याकडे पंगतीत आग्रह हेच आतिथ्याचे परिमाण. नैवेद्याच्या पुरणपोळीला नाही म्हणणे देवाला नाही म्हणण्यासारखे. ज्या गृहिणीला मधुमेह आहे ती सगळ्यांचे करून-सावरून उरलेले जेवते, आणि स्वतःसाठी निराळी भाजी टाकणे तिला चैन वाटते. गोळ्यांचा खर्च निघावा म्हणून दोनऐवजी एकीवर भागवणारे आहेत, आणि ‘इन्सुलिन लागले म्हणजे संपले’ या समजुतीने सुई वर्षानुवर्षे टाळणारेही.

1983 ते 1993 या काळात अमेरिका व कॅनडा येथे 1441 रोग्यांवर झालेल्या परीक्षणाने काटेकोर उपचारांनी डोळे व मूत्रपिंडे वाचतात हे निर्विवाद सिद्ध केले. मात्र ज्यांनी ते उपचार निभावले त्यांना दरमहा भेट, वरचेवर दूरध्वनी आणि शिकवणारी माणसे हाताशी होती, आणि तरीही रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग त्यांच्यात सुमारे तिप्पट घडले. दीर्घ व्याधींत विकसित देशांतसुद्धा जेमतेम निम्मेच लोक सांगितलेला उपचार पाळतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2003 मध्ये म्हटले. चरकाच्या यादीतला परिचारक नावाचा पाद इतका लंगडा असताना चौथ्या पादाला एकट्याने किती चालवावे?

ॲलनच्या उपासमारीतून जगून-वाचून 1922 च्या ऑगस्टात टोरांटोला पोचलेली एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी. पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर तिचे वजन 45 पौंड होते. इन्सुलिनवर ती पुढे 58 वर्षे जगली, संसार केला, मुले वाढवली, आणि हिशेब करणाऱ्यांच्या मते तिने सुमारे 42,000 वेळा स्वतःला सुई टोचून घेतली. निर्देशकारित्वाचे याहून मोठे उदाहरण सापडणे कठीण. पण आपल्याला मधुमेह आहे ही गोष्ट मात्र तिने जवळजवळ आयुष्यभर जगापासून लपवून ठेवली.